खोकं घेतलेला माणूस

विद्यापीठाची माणसं कालव्यापलीकडच्या वस्तीत पहिल्यांदा आली तेव्हा लोकांना वाटलं, घरं मोजायला आलीत. मोजणी झाली की पाडापाडी ठरलेली, हे वस्तीला अनुभवाने माहीत होतं. बायकांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले, म्हाताऱ्यांनी दारात खुर्च्या ओढून ठाण मांडलं. पाहुण्यांच्या हातात टेप नाही, फुलांचा गुच्छ आहे, हे दिसल्यावर कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

गुच्छ गणिताच्या मॅडमसाठी होता. जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर वस्तीचं छोटं कॉलेज भरायचं, तिथे त्या शिकवायच्या. त्या वस्तीतल्याच, शहरात शिकल्या, शहरातली नोकरी सोडून परत आल्या. शहर या लोकांना ‘पलीकडचे’ म्हणायचं. बोलण्याची ढब ऐकली की समोरचा ओळखायचा, आणि ओळखलं की त्याचं हसू जरा आवळायचं. पलीकडचं पोर मोठ्या विद्यापीठात पोचावं म्हणून मॅडमनी वर्षानुवर्षं साहेबलोकांच्या दाराबाहेर बसून काढली होती. शेवटी करार झाला. छोट्या कॉलेजातली मुलं विद्यापीठाच्या वाहतूक प्रयोगशाळेत संशोधनाला जाणार, आणि जी टिकतील त्यांना पुढे तिथेच प्रवेश मिळणार.

पहिल्या तुकडीत थोरली होती. तिचं पाळण्यातलं नाव कुणी वापरत नसे. घरातली मोठी म्हणून आई तिला थोरली म्हणायची. आई गेल्यावर वडिलांनी तेच चालू ठेवलं, आणि त्यांचं ऐकून अख्ख्या गल्लीने. वडील शहर बसवर ड्रायव्हर होते. प्रयोगशाळेत चालकाशिवाय चालणारी बस तयार होतेय हे कळल्यावर ते जेवता जेवता थांबले.

“म्हणजे माझीच पोरगी माझ्या पोटावर पाय देणार,” ते म्हणाले.

“बाबा, अजून दहा वर्षं लागतील त्याला.”

“दहा वर्षांनी मी घरीच असेन. दे मग खुशाल.” आणि त्यांनी धाकटीकडे बघून डोळा मारला. धाकटी तेव्हा शाळेत होती. ताईच्या मागोमाग आपणही जाणार, हे तिने मनात पक्कं केलेलं होतं.

थोरलीबरोबर मागच्या गल्लीतला लंबू होता. तो इतका उंच, की घराच्या दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नसे. ती सवय अंगात इतकी मुरली होती, की विद्यापीठाच्या भल्यामोठ्या दारांतूनही तो वाकूनच जायचा. त्याची आई शहरातल्या लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची, त्यामुळे लंबूचा शर्ट प्रयोगशाळेत सगळ्यांत कडक असायचा. ‘माझ्यापेक्षा माझ्या कॉलरला जास्त मान मिळतो,’ असं तो म्हणायचा.

कामाची सुरुवात चित्रांपासून झाली. बसच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली रस्त्यांची चित्रं पडद्यावर यायची आणि त्यांतल्या प्रत्येक गोष्टीभोवती चौकट काढायची: हा माणूस, हा खांब, हे कुत्रं. अशी ढीगभर चित्रं बघून बस शिकायची. मुलं एकेक करून गळाली. कुणाला घरच्यांनी कामाला लावलं, कुणाला तिथल्या कॅन्टीनमध्ये एकट्याने जेवायचा वीट आला. थोरली आणि लंबू टिकले, कारण ते दोघं होते. शिवाय थोरलीला हे काम मनापासून आवडायला लागलं होतं. आधी ती चौकटी काढायची, मग बस चौकटी कशा काढते ते बघायला लागली, आणि वर्षभरात ती चुका कुठे आणि का होतात यावर टिपणं लिहायला लागली.

प्रयोगशाळेचे सर वाईट माणूस नव्हते. ते दोघांनाही आदराने वागवत, कुणी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली तर त्याला झापत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर दोघांचा फोटो आला तेव्हा सरांनी तो स्वतः भिंतीवर लावला. मात्र फोटोंचं काम वाढतच गेलं. कुठलेही पाहुणे आले की या दोघांना पुढे उभं करायचं. “हसून हसून गाल दुखायला लागलेत,” लंबू म्हणायचा. “पदवी नाही मिळाली तर दातांच्या डॉक्टरकडे पाटीवर तरी लागू.”

त्या वर्षी बसला एक खोड लागली. रस्त्यावर रिकामं खोकं, उडणारा कागद, काहीही दिसलं की ती जागच्या जागी थांबायची. सरांनी सांगितलं, असला हलका कचरा तिला ओळखायला शिकवा, म्हणजे ती उगाच थांबणार नाही. लंबू आणि थोरलीने कितीतरी दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यांभोवती चौकटी काढल्या. बस शिकली. पण पुढे थोरलीच्या लक्षात आलं, की बाजाराच्या रस्त्यावरच्या चित्रांत कुणी छातीशी मोठं खोकं धरून चालत असेल, तर बसला कधी कधी फक्त खोकं दिसतं. माणूस गायब होतो.

तिने सरांना दाखवलं. सरांनी नीट बघितलं. “चांगलं पकडलंस,” ते म्हणाले. “पुढच्या टप्प्यात हे आधी घेऊ.”

पुढचा टप्पा यायच्या आधी पाहुणे आले.

चाचणी शहराबाहेरच्या एका धावपट्टीवर होती, जिथे विमानं उतरायची कधीच बंद झाली होती. बस बनवणाऱ्या कंपनीचे लोक होते, वाहतूक खात्याचे अधिकारी होते, मॅडमही होत्या. बसपुढून माणूस जातोय असं दाखवायला एक पुतळा होता. मोटरवर फिरणारा पट्टा त्याला रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून न्यायचा. अंगावर नवे कपडे आणि स्वतःचं काम शून्य, म्हणून लंबूने त्याला जावईबापू असं नाव ठेवलं होतं. त्या दिवशी पट्ट्याची मोटर जळाली. जावईबापू कडेलाच उभे राहिले.

सरांनी घड्याळ बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. मग ते लंबूजवळ आले. थोरली शेजारीच पडद्यासमोर बसली होती. तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

“एक फेरी मारशील का? गाडी अगदी हळू ठेवतो. आत ब्रेकवर आपला माणूस आहेच.”

“जावईबापूंची बदली माझ्यावर?” लंबू म्हणाला. “चालेल, सर.”

पहिल्या फेरीला बस त्याच्यापासून चांगली लांब थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पण इतक्या हळू चालणारी बस तर हातानेही थांबवता येईल, असं कंपनीतलं कुणीतरी हसत म्हणालं. वेग वाढवला. बस पुन्हा थांबली. मग एका अधिकाऱ्याने विचारलं, बाजारात लोक सामान घेऊन चालतात, त्यांचं काय? तो प्रश्न सरळ होता आणि योग्यही होता.

चहाचे कप ज्यातून आले होते ते मोठं पुठ्ठ्याचं खोकं पाहुण्यांसाठी उभारलेल्या तंबूत रिकामं पडलेलं होतं. सरांनी ते उचलून लंबूच्या हातात दिलं.

“सर,” थोरली म्हणाली, “खोक्याचं अजून व्हायचंय.”

“चित्रांत कधीतरी चुकतं ते. इथे उघडं मैदान आहे, ऊन आहे. शिवाय ब्रेकवर माणूस आहे.”

ती आणखी काही बोलणार होती. पण पाहुणे बघत होते, मॅडम बघत होत्या, आणि लंबूने खोक्यावरून तोंड काढून तिला ‘राहू दे’ अशी मान हलवली. ती गप्प बसली.

ब्रेकवरच्या माणसाला सांगून ठेवलेलं होतं, पाय मागे घे, पाहुण्यांना दिसू दे की गाडी आपली आपण थांबते. बस निघाली. लंबू चालायला लागला. खोकं छातीपासून थेट नाकापर्यंत आलेलं, त्यामुळे त्याला मान वर करून चालावं लागत होतं. थोरलीच्या पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट होती. मग ती चौकट गेली. तिच्या जागी खोक्याएवढी छोटी करडी चौकट उमटली आणि त्याखाली दोन शब्द आले: हलका कचरा.

ती ओरडली. ब्रेकवरच्या माणसाने पाय टाकला, पण तोवर उशीर झाला होता. खोकं हवेत उडून लांब जाऊन पडलं, आणि सगळ्यांनी क्षणभर त्याच्याकडेच बघितलं.

लंबू जगला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. इस्पितळात त्याची आई पलंगाच्या कडेला बसून त्याच्या चादरीच्या सुरकुत्या तळहाताने सारख्या करत राहायची, दिवसभर. थोरली रोज जायची. पहिले काही दिवस लंबू बोललाच नाही. मग एकदा नर्सने त्याला पलंगावर वर सरकायला सांगितलं, तेव्हा म्हणाला, “आता मी या पलंगात मावतो, सिस्टर.” त्याच्या आईने तोंडाला हात लावला आणि ती बाहेर निघून गेली.

सरही यायचे. एकदा ते बराच वेळ बसले, दार लावून. दुसऱ्या दिवशी लंबूने थोरलीला स्टूल ओढून बसायला सांगितलं.

“चौकशी समिती बसणारे,” तो म्हणाला. “मी सांगणार आहे की मी आपणहून गेलो. पुतळा बिघडला होता, मी कुणाला न विचारता खोकं उचललं आणि पुढे झालो.”

“तू असं का सांगशील?”

“कारण मग विद्यापीठ माझं सगळं करणारे. उपचार, नवा पाय, आणि प्रयोगशाळेत कायमची नोकरी. खुर्चीत बसून करायची. नाहीतर कंपनी आणि विद्यापीठ एकमेकांकडे बोट दाखवणार, आणि मी कोर्टाच्या पायऱ्या चढणार. एका पायाने.”

“आणि बस?”

“बसचं काय?”

“तू आपणहून गेलास असं ठरलं, की बसचा दोष उरतच नाही. तशीच रस्त्यावर येईल ती. बाबांच्या डेपोत सांगून ठेवलंय, पहिली गाडी आपल्या बाजाराच्या रस्त्यावर सोडणार. करारातच आहे तसं, वस्तीला आधी लाभ. तिथे कोण रिकाम्या हाताने चालतं, लंबू?”

लंबूने मान खिडकीकडे फिरवली. “ते दुरुस्त करतील गं.”

“पुढच्या टप्प्यात.”

त्याची आई इतका वेळ दारात उभी होती. ती आत आली आणि तिने थोरलीचा हात धरला. तिचे तळवे इस्त्रीने कडक झालेले होते.

“पोरी, मी तुला काही शिकवायला बसले नाही,” ती म्हणाली. “तू शिकलेली आहेस. फक्त एवढं बघ, की याला आता दुसरं काही उरलेलं नाही.”

“काकू, मी लंबूच्या वाईटावर नाही.”

“मग झालं तर,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हात सोडला नाही.

मॅडम घरी आल्या. त्या कधी कुणाच्या घरी जात नसत. थोरलीच्या वडिलांनी खुर्ची पुसून दिली आणि ते स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

“तुला वाटत असेल मी त्यांची बाजू घेऊन आले,” मॅडम म्हणाल्या. “मी कुणाची बाजू घेऊ शकत नाही, मी त्या दिवशी तिथे टाळ्या वाजवत होते. पण तू सरांचं नाव घेतलंस की करार संपला. यंदा धाकटीची निवड झालीय. तिच्यामागे आणखी पोरं आहेत. पुन्हा पलीकडच्यांना कोण दार उघडेल?”

“मॅडम, दार उघडून त्यांनी आपल्याला गाडीपुढे उभं केलं.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “तरीसुद्धा ते दार होतं.”

त्या गेल्यावर वडील आत आले. थोरलीने त्यांना विचारलं, तुम्ही काय कराल. त्यांनी शर्टाची बटणं काढत काढत विचार केला.

“मला विचारू नकोस,” ते म्हणाले. “मी खरं सांग म्हटलं तर उद्या धाकटी मला विचारेल. सांगू नको म्हटलं आणि त्या रस्त्यावर कुणाचं काही झालं, तर तू मला विचारशील. तुझं तू ठरव. मी जेवायला थांबतो, ये लवकर.”

समिती विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत बसली. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, खिडक्यांना जाड पडदे. अध्यक्षा म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. सर बोलले. त्यांनी खोटं असं काही सांगितलं नाही. घाईगर्दीत नेमकं कोण काय म्हणालं ते आता आठवत नाही, एवढंच म्हणाले. ब्रेकवरच्या माणसालाही आठवत नव्हतं. मग लंबूला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. त्याच्या शर्टाची इस्त्री नेहमीसारखी कडक होती. त्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं, आणि सांगताना एकदाही अडखळला नाही.

थोरलीची पाळी आली. लंबू खोलीतच होता.

“तो आपणहून गेला नाही,” ती म्हणाली. “सरांनी त्याला विचारलं आणि खोकंही सरांनीच दिलं. खोकं धरलेला माणूस बसला दिसत नाही, हे सरांना माहीत होतं. मी आधी दाखवलं होतं. त्या दिवशी पुन्हा सांगितलं.”

“किती वेळा सांगितलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

“एकदाच.”

“मग गप्प का बसलात?”

थोरलीने खाली बघितलं. “पाहुणे होते,” ती म्हणाली.

“ज्याचा पाय गेला तो स्वतः सांगतोय की तो आपल्या मर्जीने गेला. तुमचं म्हणणं तो खोटं बोलतोय?”

ती लंबूकडे बघायचं टाळत होती, पण तो समोरच होता. त्याचा चेहरा कोरा होता.

“हो,” ती म्हणाली. “आणि तो का बोलतोय तेही मला माहितेय. पण बस तशीच रस्त्यावर आणू नका.”

निकाल यायला बरेच महिने लागले. विधानं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे नेमकी जबाबदारी कुणाची हे सांगता येत नाही, असं समितीने म्हटलं. सरांना दुसऱ्या विभागात हलवलं. छोट्या कॉलेजशी असलेला करार ‘फेरविचारासाठी’ थांबवला, आणि तो फेरविचार पुढे कुणी केला नाही. लंबूला आधी जे तोंडी कबूल केलं होतं ते मागे घेतलं गेलं. त्याच्या विधानाबद्दलच शंका घेतली गेली आहे, तेव्हा प्रकरण मिटेपर्यंत काही देता येणार नाही, असं विद्यापीठाच्या वकिलांनी कळवलं. इस्पितळाने त्याला घरी सोडलं. नवा पाय आला नाही.

बस मात्र थांबवली गेली. कंपनीने तिच्यावर पुन्हा काम केलं, थोरलीची टिपणं वापरून केलं असणार, कारण ती टिपणं प्रयोगशाळेतच राहिली होती. थोरलीला कुणी बोलावलं नाही. पुढल्या वर्षी बस बाजाराच्या रस्त्यावर धावू लागली. टोपल्या, पोती, खोकी घेतलेली माणसं तिच्यापुढून जात, आणि ती थांबे. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायचं कारणच नव्हतं.

धाकटी नर्सिंगला गेली. ताईला ती कधी लागेल असं बोलली नाही; पण पूर्वी ती रात्री अंथरुणात पडल्या पडल्या प्रयोगशाळेतलं एकेक विचारायची, ते बंद झालं. मॅडमनी थोरलीला छोट्या कॉलेजात शिकवायला घेतलं. दोघी एकाच खोलीत बसून पेपर तपासत, आणि कामापुरतं बोलत.

वस्तीत तिला वाळीत वगैरे कुणी टाकलं नाही. फक्त लोक जपून बोलायला लागले. काकू रस्त्यात समोरून आल्या की हातातलं कपड्यांचं गाठोडं दुसऱ्या बाजूला घेत, जणू तिचा धक्का लागून इस्त्री मोडेल.

लंबूने डेपोच्या कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकली होती. थोरली तिथे जायची नाही. एका दुपारी मात्र गेली. टपरीत तो एका फोनचं पोट उघडून बसला होता. कुबड्या मागे भिंतीला टेकवलेल्या. त्याने तिला बघितलं आणि काम चालू ठेवलं.

“फोन बिघडलाय?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“तुला बघायला आले.”

“बघ.” त्याने चिमट्याने एक बारीक स्क्रू उचलून झाकणात ठेवला. “तू खरं बोललीस, थोरले. मी काही तुला खोटी म्हणत नाही. मी आईलाही तसं म्हणू देत नाही.”

“मला वाटलं, दोन्ही होईल. बसही थांबेल आणि तुलाही—”

“तसं कधी होतं का?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानेच तिला जास्त लागलं. “पाय माझा गेला होता. त्याचं काय करायचं ते मी ठरवलं होतं. पहिल्यांदाच काहीतरी मी ठरवलं होतं. ते तू माझ्यासमोर बसून मोडलंस. रस्त्यावरच्या लोकांसाठी मोडलंस, मान्य. मीही रस्त्यावरचाच होतो की.”

एक बाई फोन घेऊन आली, आवाज येत नाही म्हणाली. लंबूने फोन हातात घेतला, कानाशी धरला, तिला चार्जर कुठला वापरता ते विचारलं. बाईने थोरलीला जरा सरकायला सांगितलं. ती सरकली.

बाई गेल्यावर तो म्हणाला, “येत जाऊ नकोस. राग नाही. पण तू आलीस की दिवसभर हात हलतो माझा, आणि हे काम हाताचं आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

ती रस्त्यावर उतरली. दुपार टळलेली होती, कॉलेजच्या वर्गाला अजून अवकाश होता. घरी जावं की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून ती डेपोच्या भिंतीच्या सावलीत थोडा वेळ उभी राहिली.